आईची बया आणि दारावरून जाणारी माणसं

आमच्या घरी पॉमेरियन जातीचं कुत्रं होतं असं मी सांगायला लागलो, की ऐकणारा एकदा माझ्या तोंडाकडं बघतो, एकदा माझ्या चपलांकडं बघतो आणि विचारतो, "विकत घेतलं होतं?" विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि हौस तर त्याहून नव्हती. वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत होते. एका साहेबाची बदली लांब कुठंतरी झाली, साहेबाच्या सामानात कुत्र्याला जागा झाली नाही, आणि एका संध्याकाळी वडील डब्याच्या पिशवीत पांढऱ्या कापसाचा गोळा घेऊन घरी आले.

आईनं पिशवीत डोकावून विचारलं, "उशी भरायला आणला का?"

गोळ्यानं डोळे उघडले.

आईनं तिचं बारसं केलं नाही. "ए बये, बाजूला हो," "बये, पायात येऊ नको," असं बोलत राहिली आणि त्यालाच ती ओ द्यायला लागली. म्हणून ती बया. वडील गेले, मुदखेडच्या घरात आई एकटी पडली, तेव्हा मी तिला लातूरला माझ्याकडं आणली. आईबरोबर एक पत्र्याची पेटी, काळ्या मसाल्याची बरणी आणि बया, एवढं सामान आलं.

आमची कॉलनी लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची. उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागं बदलीची माणसं आली आणि गावाबाहेरच्या काळ्या रानात प्लॉट पडले. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण आईच्या लेखी लातूर कायम 'नवा जिल्हा'च. नांदेडचं नाव तिनं जन्मापासून ऐकलेलं. "आमचा जिल्हा जुना हाय," ती म्हणायची. "तुमचा परवाचा. अजून ओला असंल."

ओला मात्र तो अजिबात नव्हता. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच हे वर्ष. मी पाटबंधारे खात्यात कारकून. पाण्याच्या खात्यातला माणूस म्हणून गल्लीत माझी जी काही पत होती, ती धरणाच्या पातळीबरोबर उतरत उतरत तळाला गेली होती. नळाला पाणी नव्हतं. आमचा बोअर आटलेला. अख्ख्या गल्लीत एकाच बोअरला धार होती, ती शेजारच्या काकांच्या. हे काका कोर्टातून बेलिफ म्हणून निवृत्त झालेले, नव्या जिल्ह्याबरोबर नवं कोर्ट आलं तेव्हा उस्मानाबादेहून इकडं आलेले. काकू नव्हत्या, मुलगा पुण्याला. पांढरा सदरा, हातात काठी. काठी टेकायला नव्हती, वजनाला होती. एक दिवसाआड सकाळी ते मोटर लावायचे आणि भिंतीवरून आमच्याकडं टाकलेल्या नळीतून थोडा वेळ पाणी सोडायचे. आमचा एक पिंप आणि दोन-चार घागरी भरायच्या. पैसे घ्यायचे नाहीत. फक्त बंद करताना भिंतीपलीकडून म्हणायचे, "पुरे." ते आम्हाला पुरायचं.

आता आईची एक सवय सांगायला हवी. मुदखेडचं आमचं घर स्टेशनच्या रस्त्याला. संध्याकाळी पायरीवर बसायचं आणि दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करायची, हे तिच्या लेखी स्वयंपाकासारखंच काम होतं. दारावरून माणूस गेलं आणि आपण काही बोललो नाही, तर त्या माणसाचा अपमान. आपल्यातला असला तर 'जयभीम', दुसरा असला तर 'रामराम', चहाच्या गाड्यावाल्या चाचाला 'सलाम'. कुणाला काय, हे तिला पाठ. लातूरला आल्यावर तिची पंचाईत झाली. इथं कोण काय घेतो, तिला ठाऊक नाही. मग तिनं सगळ्यांना चालेल असं एकच धरलं. "कुठं चाललाव?"

पहिल्या संध्याकाळी ती फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसली, बया शेजारी. दोघातिघांनी दचकून का होईना, उत्तर दिलं. "हे काय, दुकानाकडं." मग शेजारचे काका निघाले. आई म्हणाली, "कुठं चाललाव भाऊ?"

काका थांबले. तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "का? तुम्हाला काय करायचंय?"

आणि गेले.

आईनं पदर सारखा केला, बयेला काखेत घेतलं आणि आत आली. मला एवढंच म्हणाली, "तुमच्या नव्या जिल्ह्यात माणसं कुठं जातेत ते गुपित हाय म्हण." दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाच्या आत, दारात बसायला लागली. तांदूळ निवडायचे, शेंगा फोडायच्या. रस्त्याकडं बघायचं, पण तोंडातून शब्द नाही. आई शहराला रुळली, असं मी समजलो. माझा समज नेहमीच वेळेवर होतो आणि नेहमीच चुकतो.

त्याच सुमाराला बया भुंकायला लागली.

तसं भुंकणं म्हणजे काय, हे ज्यानं पॉमेरियन पाळलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मोठं कुत्रं भुंकतं तेव्हा त्याला दम लागतो, मधे थांबतं, विचार करतं. बयेला दम लागतच नव्हता. एवढासा जीव, बराचसा केसांचाच, आणि आवाज पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. त्यात त्या उन्हाळ्यात गल्लीची रहदारी वाढलेली. कुणी घागर घेऊन चाललंय, कुणी सायकलला कॅन बांधून, कुणी टँकर आला म्हणून पळतंय, कुणी टँकर आलाच नव्हता म्हणून परत येतंय. बया प्रत्येकावर भुंकायची. आणि सगळ्यात जास्त कुणावर, तर ज्याच्या बोअरचं पाणी आम्ही पीत होतो त्याच्यावर. काकांचं घर गल्लीच्या आतल्या टोकाला, आमच्यापुढून गेल्याशिवाय त्यांना कुठंच जाता येत नव्हतं.

बंदोबस्त करायचं मी मनावर घेतलं. मी मनावर घेतलं की घरात सगळे जरा लांब उभे राहतात.

आधी मी ओरडून बघितलं. ती भुंकली की मी आतून "ए गप" म्हणून ओरडायचो. ती एकदा वळून माझ्याकडं बघायची आणि दुप्पट जोरानं भुंकायची. बायको म्हणाली, "तिला वाटतंय, तुम्हीपण भुंकून राहिलात. सोबत मिळाली तिला."

माझी बायको म्हणजे माझ्या मामाची मुलगी, आईची सख्खी भाची. ती आईला आत्या म्हणते, वडिलांना मामा म्हणायची. घरात मत घ्यायची वेळ आली की त्या दोघी एकीकडं आणि मी एकीकडं, हे लग्नाच्या आधीपासून ठरलेलं आहे.

मग बिस्किटं. ती भुंकायला लागली की बिस्कीट पुढं करायचं, तोंड बिस्किटात गुंतलं की आवाज बंद. आठवडाभर मी स्वतःवर खूश होतो. पुढं ती रस्त्यावर कुणीच नसताना माझ्यासमोर येऊन एकदा भुंकायची आणि बसून वाट बघायची.

"हुशार हाय," आई म्हणाली. "तुला शिकवलं तिनं."

मग कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगितलं, भुंकली की तोंडावर पाण्याचा फवारा मारायचा. मी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली भरली आणि दबा धरून बसलो. बया भुंकली, मी फवारा मारला. तिनं आवाज थांबवून आधी नाक चाटलं, मग मिशा चाटल्या आणि आणखी मिळेल का म्हणून जवळ आली. उन्हाळा होता. आई दारातून बघत होती.

"लोकं रेल्वेनं पाणी आणून राहिले," ती म्हणाली, "आन् तू कुत्र्याच्या तोंडावर उडवून राहिला. पाटबंधाऱ्यात हाव म्हणून कुणाला सांगू नको बाबा."

शेवटी मी तिला रस्ताच दिसू नये असं करायचं ठरवलं. ऑफिसात पाणी वाचवण्याच्या मोहिमेचा जुना फ्लेक्स पडला होता, तो आणून फाटकाला आतून बांधला. फाटक झाकलं. फक्त खाली वीतभर फट राहिली. माणसाच्या हिशेबानं ती फट म्हणजे काहीच नाही. बयेच्या हिशेबानं ती बरोब्बर डोळ्यांच्या उंचीची खिडकी होती. आता तिला अख्खी माणसं दिसेनात, नुसते पाय दिसायला लागले, आणि बिनमाणसांचे पाय चाललेले बघून ती जी बिथरली, ती बिथरलीच.

त्याच दिवशी संध्याकाळी काका फाटकाशी आले. फ्लेक्सवर लिहिलेलं 'थेंब थेंब वाचवा' त्यांनी पूर्ण वाचलं, मग मला बाहेर बोलावलं. आतून बयेचं चालूच होतं.

"हे पहा," काका म्हणाले, "मी माणूस वाईट नाही. पण माझंच पाणी प्यायचं आणि माझ्याच अंगावर कुत्रं सोडायचं, हे न्यायाला धरून नाही."

"सोडलेलं नाही हो काका. ती फाटकाच्या आतच असते."

"आवाज बाहेर असतो." त्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "आठ दिवसांची मुदत देतो. नंतर नळी गुंडाळून ठेवीन. ही तोंडी नोटीस समजा."

मी आत आलो. आईनं सगळं ऐकलेलं होतं. निवडलेले तांदूळ तिनं परत सुपात ओतले आणि पुन्हा निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको बयेला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर त्या वर्षी चारा छावण्यांवर हिंडून हिंडून काळवंडले होते. त्यांनी बयेला टेबलावर ठेवलं, तर टेबल रिकामंच दिसायला लागलं.

"काय होतंय हिला?"

"भुंकते."

"मग काय करावं तिनं? कुत्रंय."

बायकोनं सगळं नीट सांगितलं. डॉक्टर बयेचे कान खाजवत ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "लहान कुत्र्याला जग गुडघ्याखालून दिसतं. सगळं मोठं, सगळं अंगावर येणारं. भीती वाटते, आणि वाटतेय ते दाखवायचं नसतं. म्हणून आवाज."

"यांच्या साहेबासारखं," बायको म्हणाली.

"आणि ती तुम्हाला वर्दी देते. कुणीतरी आलंय, बघा. वर्दी पोचली हे तिला कळलं की थांबेल. कळलं नाही तर पुन्हा देईल. ठाण्यात तक्रार द्यायला गेलेला माणूस पोच घेतल्याशिवाय उठतो का?" मग त्यांनी विचारलं, "आधीपासून अशीच आहे?"

"नाही. मुदखेडला भुंकत नव्हती."

"मग तिथं काय होतं जे इथं नाही, ते शोधा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. शोधायचं काय त्यात. तिथं वडील होते. पिशवीतून तिला घरी आणणारा माणूस गेला होता, आणि त्याच्या जागी तिला पोच कोण देणार. जनावराचं दुःख आहे, त्याला फवाराही नाही आणि बिस्कीटही नाही, असं म्हणून मी विषय मिटवला.

मग राहिलं एकच. मुदखेडला आमच्या घरात आता चुलतभाऊ राहत होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, "आणून सोड की. शेतावर ठेवतो, राखणीला दोन कुत्रे हायेत, त्यांच्यात राहील." त्याचे दोन कुत्रे मी बघितले होते. त्यांच्या एका घासाएवढी बया होती.

आईला विचारायचं धाडस बायकोनं केलं. आई म्हणाली, "पाण्यापुढं कुत्र्याचं काय. न्या." एवढंच. पण सकाळी निघताना पाहिलं तर बयेची जर्मनची ताटली तिनं वडिलांच्या मफलरीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती. स्वतःची चप्पल घालून तयार होती. "मी सोडून येते," म्हणाली. "तुझ्या हातानं नको."

लातूरहून नांदेडपर्यंत एसटी. बया आईच्या मांडीवर, टोपलीत, वर पदर. मी कंडक्टरच्या भीतीनं अर्धा झालेला. आता भुंकेल, मग भुंकेल. पण अहमदपूर गेलं, लोहा गेलं, टोपलीतून हूं नाही की चूं नाही. शेजारी उदगीरकडची एक बाई बसली होती, तिनं आईला विचारलं, "कुठं चाललाव माय?" आणि आईचं जे तोंड उघडलं ते नांदेड येईपर्यंत बंद झालं नाही. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला तिनं जागा दाखवली, गाव विचारलं, पाणी कसं हाय विचारलं. तेवढ्यावरून मला कळायला हरकत नव्हती. पण मी तिकिटं सांभाळत होतो.

मुदखेडला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चहा झाला. आई आपल्या जुन्या पायरीवर जाऊन बसली, बया तिच्या शेजारी. गाडीची वेळ होती, स्टेशनाकडं माणसं चालली होती. मी आणि चुलतभाऊ आत बाजेवर बसलो होतो, दारातून सगळं दिसत होतं.

"जयभीम काकू, कधी आलाव?"

"हे काय, आत्ताच. कुठं चाललाव?"

"नांदेडला. पोरीकडं."

"बरं बरं. सांग तिला मी इचारलं म्हणून."

बयेनं माणूस येताना कान उभे केले होते. आई बोलली, माणूस बोललं, बयेनं कान पाडले आणि हनुवटी पंजांवर टेकवली. पुढचा आला. कान उभे. "रामराम. गाडी लेट हाय का?" "हाय की, नेहमीसारखी." कान खाली. चाचा गाडा ढकलत गेला. सलाम झाला. कान खाली.

चुलतभाऊ म्हणाला, "दादा, हे कुत्रं मुकं हाय का? तू तर म्हणलास, गल्ली डोक्यावर घेतं."

तेवढ्यात आई पाणी प्यायला आत आली, आणि रस्त्यावरून एक माणूस सायकल हातात धरून जायला लागला. बया ताडकन उठली आणि लातूरला भुंकायची तशी भुंकायला लागली. आईनं तांब्या तोंडाला लावता लावता आतूनच आवाज दिला, "कोण हाय?"

"मी हाव काकू, रेल्वे फाटकावरून आलो. ड्युटी संपली."

"बरं बरं. जा, जेव."

बया गप बसली. जसं काही नळ बंद केला.

मी उठून उभा राहिलो. बायकोला फोन लावला आणि पायरीवरून सगळं सांगितलं. ती तिकडून शांतपणे म्हणाली, "म्हंजे मामांचं दुःख नव्हतं. आत्या बोलायची थांबली, म्हणून तिचं काम ह्या बयेच्या अंगावर पडलं." वर म्हणाली, "बिचारीला तेवढंच येतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही परत निघालो. चुलतभाऊ म्हणाला, "सोडायला आलता ना?" मी म्हणालो, "हवापालट होती."

बसमध्ये मी आईला सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, कान कसे पडले, पोच म्हणजे काय. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे मी आता त्या दगडाला इचारू? कुठं चाललाव म्हणून?"

"एकदाच, आई."

"मरंस्तोवर न्हाई."

आणि खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. सगळं रान भाजलेलं.

मुदत संपायला आली होती. आईला जमत नसेल तर आपण करू, असं मी ठरवलं. रविवारी मी फ्लेक्स सोडला, खुर्ची टाकून फाटकाशी बसलो. समोरून दूधवाला आला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "काय, कुठं चाललात?"

तो सायकलवरून उतरला. "इथंच, साहेब. तुमच्याकडंच. रोज येतो की." बया भुंकत होती. पुढं एक तरुण बाई घागर घेऊन आली. "कुठं चाललात ताई?" तिनं घागर दुसऱ्या कडेला घेतली आणि वेग वाढवला. तिसरा माणूस ओळखीचा होता, तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, पाणीपट्टीची नोटीस-बिटीस निघालीय का? आधी सांगून टाका." बयेचं सगळा वेळ चालूच होतं. माझी पोच तिला मान्य नव्हती. मधे मधे ती वळून माझ्याकडं बघायची. साहेब रजेवर गेल्यावर फायलीवर मी सही करायला गेलो की आमचा शिपाई माझ्याकडं बघतो, तशी.

बायको दारातून म्हणाली, "या आत. लोक घर बदलतील."

सोमवारी सकाळी मोटरचा दिवस होता. मुदतीचा शेवटचाही. पिंप नळीखाली लावून मी उभा होतो. आई दारात बसलेली, बया फाटकाशी. काका मोटर लावायच्या आधी एक फेरी मारून यायचे, त्यांची काठी वाजायला लागली. बयेचे कान उभे राहिले. मी आईकडं बघितलं. आई शेंगा फोडत होती. काठी जवळ आली. बया उठली, छाती फुगली, आता सुटणार, तेवढ्यात आई बोलली. काकांकडं न बघता, बयेकडं बघून, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"बये, कुठं चालले ते त्यांना इचारायचं न्हाई. त्यांना आवडत न्हाई."

बया गप. तिनं एकदा आईकडं बघितलं, एकदा काकांकडं, आणि अर्धवट बसली. पूर्ण नाही. अजून दुसरं माणूस बोललं नव्हतं.

काका फाटकासमोर उभे राहिले होते. भुंकण्याची सवय झालेल्या माणसाला शांततेनं अडवलं होतं. ते आईकडं बघत होते. आईनं एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला.

"बाई," काका म्हणाले, "मी बेलिफ होतो. समन्स लावायचे, जप्ती करायची. गावात पाय ठेवला की पारावरून पहिला प्रश्न यायचा, कुठं चाललाव. मी सांगितलं की मी पोचायच्या आत त्या घराला कुलूप. सगळी नोकरी मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. पुढं घरीपण देईनासा झालो. आमच्या हिनं विचारायचंच सोडलं शेवटी."

आई म्हणाली, "आता कुणाची जप्ती हाय?"

"कुणाची नाही."

"मग?"

काकांनी काठीचं टोक मातीत दोनदा टेकवलं. त्यांना ते अवघड जात होतं, हे दिसत होतं. "कोपऱ्यापर्यंत," ते म्हणाले. "गिरणीपाशी जातो आणि परत येतो. पुढं गुडघे चालत नाहीत."

"बरं बरं," आई म्हणाली. "सावकाश जा. उनाच्या आत या."

बयेनं कान पाडले आणि हनुवटी पंजांवर टेकवली. काकांनी ते बघितलं. मला वाटलं, आता हसतील, पण हसले नाहीत. काठी वाजवत कोपऱ्याकडं गेले. मी पिंपापाशी उभा होतो आणि मला कुणी काही विचारत नव्हतं.

थोड्या वेळानं परत आले. फाटकासमोर आल्यावर घुटमळले आणि कोर्टात पुकारा करावा तसं, कुणाकडंही न बघता म्हणाले, "आलो."

"बसा की," आई म्हणाली. "शेंगा हायेत."

"मोटर लावायचीय," ते म्हणाले, आणि गेले. नळी एकदा फुसफुसली, मग पाणी आलं. पिंप भरला, घागरी भरल्या, तरी भिंतीपलीकडून 'पुरे' ऐकू आलं नाही. शेवटी मीच ओरडलो, "काका, पुरे."

आई पुन्हा फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसायला लागली. गल्लीला सवय व्हायला वेळ लागला, पण झाली. टँकर कुठल्या गल्लीत आलाय, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यात आधी आईला कळायचं, कारण येणारा-जाणारा तिला सांगूनच पुढं जायचा. बया अगदीच मुकी झाली असं मी म्हणणार नाही. पतंगावर भुंकायची, कुकरच्या शिट्टीवर भुंकायची, आणि माझ्यावर भुंकायची. मी ऑफिसातून येऊन न बोलता फाटक उघडतो, ही माझी जुनी सवय. बायकोनं ती ओळखली आणि सांगितलं, "सांगा तिला, कुठून आलात ते." तेव्हापासून मी फाटकाशी उभा राहून "हापिसातून" म्हणतो आणि मगच आत येतो. बाहेरून बघणाऱ्याला काय वाटत असेल, याचा विचार मी सोडून दिला आहे.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. नळी भिंतीवरून निघाली. दिवाळीनंतर आई बहिणीकडं हिमायतनगरला चार दिवस गेली आणि बया आमच्यावर टाकून गेली. आता ओट्यावर कुणी नाही, पोच द्यायला कुणी नाही, म्हणून मी मनात धास्तावलो होतो. सकाळी दात घासत खिडकीत उभा होतो. काका आले. बया फाटकाच्या आत उठून उभी राहिली, छाती फुगवली.

काकांनी ओट्याकडं बघितलं. ओटा रिकामा. रस्त्यावर पुढं-मागं बघितलं, कुणी नाही. मग काठीवर जरा टेकून ते खाली वाकले, गजांमागच्या बयेच्या कानांपर्यंत, आणि हळू आवाजात म्हणाले,

"कोपऱ्यापर्यंत."